निरंक

दर महिन्याच्या पाच तारखेला
माझ्या टेबलावर एक पाकीट येतं.
आत एकच कागद, चार घड्यांचा,
घडीवर कसलं तरी पिवळं बोट उमटलेलं.
विकलेली तिकिटं : निरंक.
जमा रक्कम : निरंक.
तक्रार : निरंक.
खाली सही, हि. बा. झुरंगे, हॉल्ट एजंट,
आणि शिक्का, ज्यातलं स्थानकाचं नाव झिजून
आता नुसतं ‘वाडी’ उरलंय.

सात वर्षं मी ते पाकीट फोडते,
रजिस्टरात शून्य चढवते,
‘चालू’च्या रकान्यात बरोबरची खूण करते.
बंद करायला समिती लागते, समितीला कोरम,
कोरमला चहा, आणि चहाचं बिल
कुठल्या खात्यावर टाकायचं ते अजून ठरलेलं नाही.
म्हणून स्थानक चालू आहे.

एका शनिवारी सासवडच्या एसटीत बसले.
घरी सांगितलं, दळण आणायला जाते.
फाट्यावर उतरले, पुढे अंजिरांच्या बागांमधून
विचारत विचारत.
‘ठेसनाला? तिथं कोन ऱ्हातंय?’
डोक्यावर वाटाण्याच्या शेंगांचं बोचकं घेतलेली बाई
हसली, पण हात योग्य दिशेला केला तिनं.

फलाट होता.
रूळ नव्हते.
दुहेरीकरणात वळण काढलं तेव्हा
ते उचलून ओढ्यापलीकडे गेले,
इथून दगड मारला तर पोचणार नाही इतके लांब.
खडीत तरवड माजलेला.
पिवळ्या फलकावरचं नाव सोललं होतं,
खालचा आकडा मात्र शाबूत :
समुद्रसपाटीपासून सातशे बारा मीटर.
तेवढं अजून कुणी रद्द केलेलं नाही.

झुरंगे खिडकीच्या आत बसले होते.
खोलीची एक भिंत पडलेली, दार कुणी नेलेलं,
सरळ आत जाता आलं असतं,
तरी मी खिडकीशी जाऊन वाकले.
‘पुणे, एक,’ म्हणाले,
आणि नोट सरकवली.
माझा हिशेब पक्का होता :
एक तिकीट, एक आकडा,
पुढच्या पाकिटात निरंकच्या जागी काहीतरी.
माझ्या हातून एवढं तरी.

त्यांनी नोट पाहिली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं.
‘गाडी न्हाई, ताई.’
‘माहीत आहे. तिकीट द्या.’
‘गाडी न्हाई तर तिकीट कशाचं?’
नोट परत आली, अंगठ्यानं सुरकुती काढून.
‘एक खोटं फाडलं ना,
तर मागची समदी निरंकं खोटी पडत्यात.’

मग डबा सोडला. पिठलं, भाकरी, ठेचा.
अर्धी भाकरी माझ्याकडे केली,
आणि घडीवरचं ते पिवळं बोट
मला ओळखीचं झालं.

ओढ्यापलीकडून मालगाडी आली,
लांबलचक शिट्टी घालत.
मी उठून उभीच राहिले.
ते बसूनच म्हणाले,
‘आपल्यासाठी न्हाई ती.
तिकडं फाटकाची पाटी हाय.
फाटक गेलं, खालनं भुयार केलं, पाटी ऱ्हायली.
पाटी दिसली की डायवर वाजवतोय.’
आणि घास हातात तसाच धरून
डबे मोजत राहिले, ओठातल्या ओठात.
अठ्ठावन्न.

या पाच तारखेला पाकीट आलं.
विकलेली तिकिटं : निरंक.
जमा रक्कम : निरंक.
तक्रार : निरंक.
खाली, पहिल्यांदाच, बारीक अक्षरात एक जादा ओळ :
तिकीट मागितलेले प्रवासी : एक.

नमुन्यात त्याला रकाना नाही.
मी पट्टी घेतली आणि आखला.